खाटा नसलेलं केंद्र

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार, खेर्डीतला टेम्पोचालक, महामार्गालगतच्या हॉटेलातला आचारी आणि चिपळूणच्या बाजारपेठेत वडिलांचं दुकान पुढे चालवणारा गृहस्थ, अशी चार माणसं डोळ्यांपुढे आणा. चौघांचंही पिणं हाताबाहेर गेलंय आणि चौघांनाही ते थांबवायचंय. अशा माणसाला सहसा दोन वाटा सांगितल्या जातात. पहिली, घाट ओलांडून दूरच्या एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना भरती होण्याची. दुसरी, डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेऊन पंधरा दिवसांनी पुन्हा येण्याची. पहिल्या वाटेने गेलं तर कंत्राटी कामगाराची नोकरी जाते, टेम्पोचे हप्ते थकतात, दुकानाला कुलूप लागतं आणि वाडीभर बातमी होते. दुसऱ्या वाटेवर पंधरवड्यातली दहा मिनिटं उपचाराची. उरलेला सगळा वेळ माणूस एकटा असतो, त्याच रस्त्यावर आणि त्याच मित्रांत.

या दोहोंच्या मधे एक तिसरी वाट आहे. रुग्णाने घरीच राहायचं, कामावर जायचं आणि आठवड्यातले तीन दिवस, रोज तीन तास केंद्रात यायचं. अमेरिकेत 1980च्या दशकात ही पद्धत रुजली. लॉस एंजेलिसमध्ये कोकेनच्या व्यसनासाठी आखलेला सोळा आठवड्यांचा ‘मॅट्रिक्स’ कार्यक्रम त्यातला सर्वांत गाजलेला. तिथल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने पुढे उपचाराच्या पायऱ्या ठरवल्या, तेव्हा प्रौढांसाठी या पायरीचं माप आठवड्याला किमान नऊ तास असं धरलं. पंधरवड्याला दहा मिनिटं आणि आठवड्याला नऊ तास यांतला फरक मोठा आहे. शास्त्रीय नाव ‘सघन बाह्यरुग्ण उपचार’. आपण त्याला सरळ दिवसाचं केंद्र म्हणू.

मुद्दा फक्त सोयीचा असता तर त्यावर प्रकरण लिहायचं कारण नव्हतं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राने देशभर पाहणी केली आणि 2019 साली तिचा अहवाल आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांत कसल्याही स्वरूपाचा उपचार मिळालेला एक, असं त्यात आढळलं. भरती होऊन उपचार मिळालेला एकशे ऐंशीत एक. खाटा वाढवून ही दरी भरायची म्हटलं तर पिढ्या जातील. भरतीचा उपचार गरजेचा आहेच, काहींसाठी तर जीव वाचवणारा आहे. पण त्याच्यावाचून व्यसन सुटतच नाही ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी हजारो माणसं नुसती थांबून राहतात. अमेरिकेतल्या संशोधनाचा 2014 साली एकत्रित आढावा घेतला गेला. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत सघन बाह्यरुग्ण उपचार आणि भरतीचा उपचार यांच्या परिणामात फारसा फरक दिसत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता.

याचं कारण समजायला अवघड नाही. केंद्राच्या भिंतीआड दारू न पिणं तुलनेने सोपं असतं, कारण तिथे दारू नसते. खरी परीक्षा सुरू होते ती चिपळूणच्या स्टँडवर उतरल्यावर. पुन्हा प्यायला लागणाऱ्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच पुन्हा पितात. भरतीत गेलेल्या माणसाचे हे तीन महिने सुरू होतात, तेव्हा त्याचे समुपदेशक दोनशे किलोमीटरपलीकडे असतात. दिवसाच्या केंद्रात ते महिनेच उपचाराचे महिने असतात. सोमवारी रात्री परमिट रूमच्या दारातून मागे फिरलेला माणूस बुधवारी गटात बसून ते सांगतो. आत गेलेला असेल, तर तेही सांगतो.

महाराष्ट्रात हे काम शून्यातून कसं उभं राहतं, हे पाहायचं तर पुण्याच्या मुक्तांगणकडे जावं लागतं. 1980च्या दशकात शहरांत ब्राऊन शुगर शिरली, तिला पोरं ‘गर्द’ म्हणत. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारातल्या एका इमारतीत 29 ऑगस्ट 1986 रोजी काम सुरू झालं. आज मुक्तांगणचा निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे, पाठपुराव्याची व्यवस्था वेगळी आहे आणि स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

मुक्तांगण दिवसाचं केंद्र नाही. तरीही चिपळुणात काम सुरू करणाऱ्याने त्याच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, अनिताताईंनी इमारतीची वाट पाहिली नाही. असलेल्या सरकारी जागेत, असलेल्या नोकरीच्या जोरावर सुरुवात केली. दोन, बरे झालेले रुग्ण त्यांनी कामावर घेतले. तिथे रुग्णाला रुग्णमित्र म्हणतात, आणि आधी आलेला रुग्णमित्र नंतर आलेल्याचा समुपदेशक होऊ शकतो. मला ही त्या संस्थेची सर्वांत मोलाची देणगी वाटते. नव्या रुग्णाला डॉक्टरांचं ज्ञान पटायला वेळ लागतो. ‘मी तीन वर्षं प्यायलो नाही, आणि त्याआधी तुझ्यापेक्षा जास्त प्यायचो’ हे वाक्य ताबडतोब पटतं.

दुसरा धडा गोव्याचा आहे, आणि तो चिपळूणला भूगोलानेही जवळचा. ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या पुढाकाराने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. घातक प्रमाणात पिणारे 377 पुरुष तिच्यात होते. निम्म्यांना नेहमीचा उपचार मिळाला. बाकीच्यांना त्याखेरीज जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन मिळालं. समुपदेशन करणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ. ती गोव्यातलीच, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के लोक गेल्या चौदा दिवसांत अजिबात प्यायले नव्हते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 18 टक्के होतं. वर्षाने पाहिलं तेव्हा पिणं सुरक्षित मर्यादेत आलेले 54 टक्के होते, आणि समुपदेशनावाचून 32 टक्के. वर्षभर टिकलेला हा फरक चार बैठकांनी घडवला. हे समुपदेशक आपल्या बैठका ध्वनिमुद्रित करत आणि एकत्र बसून एकमेकांचं काम तपासत. चिपळूणसारख्या गावात देखरेख करायला तज्ज्ञ कुठून आणायचे, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

मात्र गोव्याच्या चाचणीत कोण होते, हेही नीट पाहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली असते, चाळीस गुणांची. आठ किंवा जास्त गुण मिळाले की पिणं धोक्याचं, आणि वीस किंवा जास्त मिळाले की माणूस बहुधा दारूवर अवलंबून आहे असं समजतात. गोव्याच्या चाचणीतले पुरुष बारा ते एकोणीसच्या टप्प्यातले होते. वीस आणि त्यावरच्यांना चार बैठका पुरणार नाहीत. दिवसाचं केंद्र लागतं ते त्यांच्यासाठी. तेव्हा केंद्राच्या दारातच दोन रांगा हव्यात. पहिल्या रांगेतल्यांना चार बैठका देऊन मोकळं करायचं, दुसऱ्या रांगेतल्यांना पूर्ण कार्यक्रमात घ्यायचं. सगळ्यांना एकाच गटात कोंबलं तर शनिवारी चार पेग घेणारा बँकेतला कारकून आणि सकाळी उठल्या उठल्या हात कापतात म्हणून देशी घेणारा गवंडी शेजारी शेजारी बसतात, आणि दोघांनाही वाटतं की आपण चुकीच्या जागी आलो.

त्या कापणाऱ्या हातांविषयी इथे थांबून बोललं पाहिजे. ‘मनात आणलं तर आजच सोडेल’ असं घरचे म्हणतात. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक, देखरेखीशिवाय सोडणं जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदू दबलेला असतो, आणि तो दाब तोलण्यासाठी मेंदूने आपली उत्तेजना वाढवून ठेवलेली असते. दारू काढून घेतली की ती उत्तेजना एकटीच उरते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना वातासारखी अवस्था येते. भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही शेवटची अवस्था प्राणघातक ठरू शकते. घरात तिला भुताटकी समजून अंगारा लावण्यात रात्र गेली, तर सकाळ फार उशिराची ठरते.

म्हणून केंद्रात घेण्याआधी प्रत्येकाला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. पूर्वी दारू सोडताना फिट आली होती का? भ्रम झाला होता का? यकृताचा, हृदयाचा मोठा आजार आहे का? बाई असेल तर गरोदर आहे का? आत्महत्येचे विचार येतात का? घरी रात्री लक्ष ठेवणारं, दारू न पिणारं कोणी आहे का? यातल्या एका जरी उत्तराने शंका आली तर दिवसाचं केंद्र त्या माणसासाठी नाही, निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही. त्याला खाट हवी. चिपळूण तालुक्यात कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, सुमारे नव्वद किलोमीटरवर, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यातल्या अशा चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी ते एक. रात्री दोन वाजता फिट आलेल्या रुग्णाला कुठे न्यायचं, कोणाला फोन करायचा, हे लेखी ठरल्याशिवाय केंद्राने पहिला रुग्ण घेऊ नये. या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही.

ज्यांना घरी राहून सोडता येतं, त्यांच्यासाठी पहिला आठवडा वेगळा असतो. रोज यायचं. प्रशिक्षित नर्स नाडी आणि रक्तदाब पाहते, आणि थरथर, घाम, बेचैनी अशा दहा लक्षणांची गुणपत्रिका भरते. डॉक्टर डायझेपाम किंवा त्या जातीची गोळी उतरत्या क्रमाने देतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. गोळ्या एकेका दिवसापुरत्याच, त्याही घरच्या माणसाच्या हातात द्यायच्या, कारण या गोळ्यांचीही सवय लागते. थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व सुरुवातीला इंजेक्शनने द्यावं लागतं. दारुड्याच्या शरीरात ते जवळजवळ संपलेलं असतं, आणि त्याच्या अभावाने स्मृती कायमची जाऊ शकते. अशक्त दिसतो म्हणून थायमिन न देताच ग्लुकोजची बाटली लावणं घातक आहे. ही गोष्ट गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत पोचवणं हेही केंद्राचं काम समजावं.

पुढच्या औषधांत डायसल्फिरामबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. 1940च्या दशकाच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये त्याचा हा उपयोग लक्षात आला. गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. त्या भीतीने माणूस पिणं टाळतो. मुंबईत डॉ. डिसूझा यांनी शंभर पुरुषांवर केलेली वर्षभराची तुलना 2004 साली प्रसिद्ध झाली. घरच्या माणसाच्या देखरेखीखाली डायसल्फिराम घेणाऱ्यांत 86 टक्के लोक दारूपासून दूर राहिले, आणि नाल्ट्रेक्सोन हे दुसरं औषध घेणाऱ्यांत 44 टक्के. पाश्चात्त्य देशांत डायसल्फिराम मागे पडलं, ते एकटी राहणारी माणसं गोळी घेणंच बंद करतात म्हणून. आपल्याकडे सकाळी चहाबरोबर गोळी हातावर ठेवणारी बायको, आई किंवा भाऊ असतो. औषधाचं बळ त्या हातात आहे.

आणि नेमकी इथेच मोठी चूक होते. नवऱ्याला न सांगता आमटीत पूड कालवणं हा उपाय अनेक घरांत होतो. ‘दारू सोडवणारं औषध’ म्हणून निनावी पुड्या विकल्या जातात. ज्याला माहीत नाही तो त्या संध्याकाळी नेहमीसारखा पितो, आणि त्याचा रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर जीव जातो. त्या बाईची हतबलता मी समजू शकतो, तिला दोष देणार नाही. पण केंद्राने हे ठामपणे थांबवलं पाहिजे. रुग्णाला सांगून, त्याची सही घेऊन, रक्ताच्या तपासण्या करूनच ही गोळी.

आता तीन तासांत काय घडतं ते पाहू. पहिला अर्धा तास येणाऱ्याची नोंद, श्वासाची चाचणी, रक्तदाब, औषध. प्यायलेला आढळला तर त्याला हाकलायचं नाही. त्या दिवशी गटात न बसवता समुपदेशकाने एकट्याशी बोलायचं आणि घरच्या माणसाबरोबर परत पाठवायचं. मग दीड तास गट. दहा-बारा जणांपेक्षा मोठा गट नको, कारण मग चारच जण बोलतात. शेवटचा तास शिकण्याचा. ओढ कशी चढते आणि साधारण अर्ध्या तासात कशी ओसरते, झोप कशी परत आणायची, पगाराचे पैसे कोणाकडे द्यायचे, राग आला की काय करायचं. अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1985च्या सुमारास एक गोष्ट ठळकपणे मांडली. माणूस पुन्हा प्यायला लागतो तो ओळखता येण्यासारख्या प्रसंगांत. ते प्रसंग आधी नोंदवता येतात आणि त्यांची तालीम करता येते.

परदेशी पुस्तकातली यादी इथे फारशी उपयोगाची नाही. चिपळूणची यादी चिपळुणातच लिहावी लागेल. शिमग्यात पालखी घरी येते, आणि त्या रात्री अंगणात बाटली फिरते. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, पिशवीत मिठाईबरोबर खंबा असतो, आणि वर्षभराने भेटलेल्या चुलत भावाला नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. गावाच्या राखणदार देवाला राखण द्यायची असते, त्यात कोंबड्याबरोबर दारू लागते, आणि देवाची म्हणून घोट घ्यावाच लागतो असं वडीलधारे सांगतात. भातलावणीत दिवसभर भिजून आल्यावर ‘अंगात ऊब’ म्हणून एक. क्रिकेटच्या स्पर्धा जिंकल्यावर, हरल्यावरही. पगाराचा दिवस. रात्रपाळी सुटल्यावरची सकाळ, कारण घरी मुलं शाळेला गेलेली असतात आणि झोप लागत नाही.

यातला एकेक प्रसंग घेऊन गटात खरीखुरी तालीम करायची. एक जण चाकरमानी होतो. “काय रे, गावाक मी वर्षातून एकदा येतो नि तू एक पेग पण घेणार नाय? मोठा झालास काय?” दुसऱ्याने उत्तर द्यायचं. “दादा, औषध चालू हाय. त्याच्यावर घेतली तर तुलाच मला दवाखान्यात न्यावं लागंल. जेवायला बसूया चल, वहिनी वाट बघतायत.” पहिल्यांदा माणूस अडखळतो, खाली बघतो. पाचव्या वेळी उत्तर सहज येतं. राखणेबद्दल गावातल्याच जाणत्या गुरवाशी किंवा मानकऱ्याशी आधी बोलून ठेवावं. देवाला वाहिलेली वस्तू कपाळाला लावून खाली ठेवली तरी मान राहतो, हे त्यांच्या तोंडून आलं तर रुग्णाचं ओझं उतरतं. समुपदेशकाच्या तोंडून त्याला तेवढं वजन येत नाही.

केंद्राचं वेळापत्रकही याच दिनदर्शिकेवर बसवावं. गणपतीच्या पाच दिवसांत आणि शिमग्यात केंद्र बंद ठेवणं म्हणजे पावसाळ्यात छत्री घरी ठेवणं. उलट त्या दिवसांत रोज तासभर दार उघडं हवं.

वेळ आणि जागा हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अशी केंद्रं बंद पडतात ती याच कारणाने. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ही शहरातल्या नोकरदारांची वेळ. खेड्यातल्या माणसाची शेवटची एसटी त्याआधी गेलेली असते. पाळीवर जाणाऱ्याची पाळी बदलत राहते. म्हणून सकाळी दहाची एक तुकडी आणि संध्याकाळची एक अशा दोन तुकड्या हव्यात, आणि पाळी बदलली की माणसाला एका तुकडीतून दुसरीत जाता आलं पाहिजे. जागा स्टँडपासून चालत जाण्यासारखी हवी, पण तळमजल्यावर नको. 22 जुलै 2021ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा बाजारपेठेतले तळमजले बुडाले आणि कित्येकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रं चिखलात गेली. रुग्णांच्या नोंदी वरच्या मजल्यावर असाव्यात, त्यांची एक प्रत संगणकावर दुसरीकडे असावी. घाट बंद झाला किंवा रेड अलर्ट लागला तर त्या दिवशी प्रत्येकाला फोन जायला हवा. पूर ओसरल्यानंतरचे आठवडे तर जास्त धोक्याचे. नुकसान डोळ्यांसमोर असतं, भरपाईचे पैसे हातात येतात आणि रात्री झोप नसते.

पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘व्यसनमुक्ती’ लिहू नये, असं माझं मत आहे. चिपळूण काही मुंबई नाही. जिन्यावर चढणारा कोणाचा कोण, हे समोरच्या पानवाल्याला माहीत असतं. इतर तपासण्याही होतात अशा आरोग्य केंद्राच्या इमारतीतच ही खोली असली तर बायकाही येऊ शकतील. कोकणात मशेरीची सवय असलेल्या कितीतरी बायका आहेत. दारू पिणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांच्यासाठी पुरुषांच्या गटात खुर्ची मांडणं म्हणजे न येण्याचं निमंत्रण. त्यांचा वेगळा वार, स्त्री समुपदेशक, आणि आशा सेविकेमार्फत निरोप.

माणसं किती लागतील? आठवड्यातून दोनदा येणारे मानसोपचारतज्ज्ञ, रोज उपलब्ध असलेले एक एमबीबीएस डॉक्टर, एक नर्स, समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेले दोन समुपदेशक आणि दारू सोडून काही वर्षं झालेला एक कार्यकर्ता. तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊ शकत नसतील तर एक भेट व्हिडिओवर चालेल, पण पहिली तपासणी समोरासमोरच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शासन आणि टाटा ट्रस्टसोबत 2016 साली ‘मुक्तिपथ’ सुरू केलं, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी ठरल्या वारी उपचाराचं क्लिनिक भरवायची पद्धत बसवली. त्याला जोडून गावागावांत दारू आणि तंबाखूच्या विक्रीविरुद्ध संघटन उभं केलं. माणूस आत बरा होत असताना बाहेर दारूचा पुरवठा तसाच वाहत राहिला तर उपचार एकटा पडतो, ही त्यांची भूमिका मला पूर्ण मान्य आहे. चिपळुणातल्या केंद्राने ग्रामसभा आणि बचत गटांशी संबंध ठेवायला हवा. फक्त एक पथ्य पाळावं, दारूबंदीच्या मोर्चात रुग्णांना झेंडा देऊन पुढे उभं करू नये.

पैशाचा प्रश्न लोट्याच्या कारखान्यांकडे नेतो. कंपनी कायदा 2013 नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा निधी जरूर घ्यावा, पण करारात एक ओळ घालूनच. कोण आला, कोण प्यायला, कोण गळाला, यातलं काहीही कंपनीच्या कार्यालयाला कळवलं जाणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि दारू वा अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था त्या कायद्याच्या कक्षेत येतात. त्याच कायद्यातली मानसिक आरोग्य आस्थापनेची व्याख्या रुग्ण भरती होऊन राहतात अशा जागांची आहे, त्यामुळे खाटा नसलेल्या केंद्राची वाट पुष्कळ सोपी होते. तरी जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र देऊन, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडून घेऊनच सुरुवात करावी. दारू कंपनीचा पैसा मात्र कितीही मोठा असला तरी नको. गर्द, हेरॉईन यांच्या रुग्णांसाठीची ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं वेगळ्या परवान्याखाली येतात. पंजाबने 2017पासून त्यासाठी बाह्यरुग्ण दवाखान्यांचं जाळं उभारलं आहे. चिपळुणात पहिल्या वर्षी तो भार उचलू नये, असे रुग्ण रत्नागिरीला पाठवावेत.

बायकोबद्दल आत्तापर्यंत मी गोळी देणारी म्हणूनच बोललो. ते अपुरं आहे. भरतीच्या उपचारात महिनाभर घरात शांतता असते. दिवसाच्या उपचारात तो माणूस रोज रात्री घरीच असतो, चिडलेला, झोप नसलेला. घरात मारहाण होत असेल तर तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा विचार आधी, त्याच्या नोकरीचा नंतर. पहिल्या भेटीत तिला वेगळ्या खोलीत बसवून विचारल्याशिवाय हे कळत नाही, नवऱ्यासमोर ती बोलणार नाही. भीती खरी असेल तर त्याला भरतीच सुचवावी आणि तिला संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत पोचवावं. तिच्यासाठी शनिवारी दुपारी वेगळी बैठक असावी, त्यात नवऱ्यांचा विषय न काढता स्वतःबद्दल बोलण्याची मुभा असावी. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. असा गट चिपळुणात चालायला वर्ष लागेल. पहिल्या महिन्यात तिघीच येतील, चालतील.

पूर्ण कार्यक्रम बारा आठवड्यांचा धरला तर एका माणसाला शंभरेक तास मिळतात. त्यानंतर वर्षभर आठवड्याला एक बैठक, आणि जिथे भरत असेल तिथे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सभा. कोणी गैरहजर राहिला तर त्याच संध्याकाळी फोन करायचा. फोन करणारा बरा झालेला कार्यकर्ता असावा, त्याने पहिल्यांदा ‘का आला नाहीस’ न विचारता ‘जेवलास का’ विचारावं. दोन फोन लागले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी वाडीवर जाऊन यावं. रुग्ण प्यायला म्हणून लाजेने येत नाही, आणि न आल्यामुळे अधिक पितो. ही साखळी तोडणारं काम औषधात नाही.

वर्षाअखेर अहवाल लिहायची वेळ येईल तेव्हा एक मोह होईल. बारा आठवडे पूर्ण केलेल्यांतले किती सुटले हा आकडा छापायचा. तो नेहमीच चांगला दिसतो, कारण गळालेले त्यात नसतात. पहिल्या दिवशी नाव नोंदवलेल्या प्रत्येकाचा पाठपुरावा करून, बारा महिन्यांनी गेल्या तीस दिवसांत किती दिवस प्यायला हे त्याला आणि घरच्यांना वेगवेगळं विचारून, सापडले नाहीत त्यांना पीत आहेत असं धरून जो आकडा येईल, तोच छापावा. तो लहान असेल. दुसऱ्या वर्षीची तुकडी आखायला आणि निधी देणाऱ्यासमोर ताठ बसायला तोच आकडा उपयोगी पडतो. शिवाय गळालेल्यांची यादी हाती असते. गळालेल्यांतले पुष्कळ जण दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नात टिकतात, म्हणून नव्या वर्षाची पहिली पत्रं त्यांनाच जायला हवीत.